मिलिटरीच्या दगडाचं प्रदर्शन: कामाच्या नोंदी

16 फेब्रुवारी 2025, रविवार

आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. गावात तिला मिलिटरीचा दगड म्हणतात. इंग्रजीत कोरलंय की 1914 ते 1919 च्या महायुद्धाला ह्या गावातून 61 माणसं गेली आणि त्यातली 6 मेली. नावं नाहीत, नुसते आकडे. सातारा, रत्नागिरीकडं अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत, कुणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय.

वाचनालयाने 1 मे ला प्रदर्शन करायचं ठरवलंय, त्या सुट्टीत मुंबईकर पण गावी असतात. बजेट 3,000 रुपये. मी साताऱ्यात नोकरी करतो त्यामुळं काम फक्त रविवारी. आजच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना बंदुका, मेडलं, नकाशे पाहिजे होते. मी म्हणलं बंदुका कुठनं आणायच्या, त्यापेक्षा जखमी शिपायाचं काय व्हायचं ते दाखवू, त्या वस्तू हातानं बनवता येतील. आमची आजी तिच्या चुलत्याबद्दल एवढंच सांगायची, बसऱ्याला (आजच्या इराकमधलं बंदर) गेला तो आलाच नाही. कशानं गेला, गोळी लागून का आजारानं, हे घरात कुणाला माहिती नाही.

23 फेब्रुवारी

दगड साफ करायला घेतला आणि पहिलीच माती खाल्ली. पाटीवर ऑइलपेंटचे दोन तरी थर होते, कधीतरी चावडी रंगवताना पाटी पण रंगवून टाकलेली. एकानं सांगितलं बाथरूमचं अ‍ॅसिड टाका, झटक्यात निघतं. खालच्या डाव्या कोपऱ्यावर थोडं टाकलं तर फसफसलं आणि मला वाटलं रंग सुटतोय. रंग नाही, दगड सुटत होता. संगमरवर म्हणजे चुनखडीच, अ‍ॅसिड त्याला खातं. लगेच बादलीभर पाणी मारलं पण तळहाताएवढा भाग खरखरीत झाला तो झालाच. नशीब त्या कोपऱ्यात अक्षरं नव्हती.

मग बरोबर पद्धत: रंग काढायची जेल लावून वीस मिनिटं थांबायचं, बांबूच्या चपट्या काडीनं खरवडायचं, नंतर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश अजिबात नको. चार तास गेले. अक्षरांतला काळा रंग पण निम्मा निघून गेला, तो परत भरायचा नाही असं ठरवलं, वाचता येतंय तेवढं बास. खर्च 640.

2 मार्च

सहा जणांची नावं शोधायचं काम. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. आपल्या शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. भानगड स्पेलिंगची. आमच्या गावाची तीन वेगवेगळी स्पेलिंगं सापडली, त्यातलं एक तर मोठ्यानं वाचल्यावरच कळलं की हे आपलंच. म्हणून गावाच्या नावानं शोधू नका, आधी पलटण टाका, मग जिल्हा, आणि मग यादी एकेक ओळ वाचत बसा. मी 103, 110 आणि 117 ह्या मराठ्यांच्या तीन पलटणी घेतल्या. ह्या तिन्ही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या.

सात तासांत पाच नावं मिळाली. रात्री बघितलं तर पाचव्याचा तालुका दुसरा, त्याच नावाचं गाव तिकडं पण आहे. खोडलं. म्हणजे चार.

त्यातले तिघं बसरा मेमोरियलवर. मला वाटलेलं तिथं नावं कोरलेली असतील. 40 हजारांवर माणसांचं ते स्मारक, पण आपल्या साध्या शिपायांची नावं भिंतीवर घातलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा. आमच्या चावडीसारखंच. चौथा इराकमधल्याच अमारा गावात, तैग्रिस नदीच्या डाव्या काठावरच्या हिंदी सैन्याच्या दफनभूमीत. तिथं 5,000 च्या आसपास माणसं आहेत आणि कोण कुठं ह्याची नोंदच लष्करानं धड ठेवली नव्हती.

9 मार्च

स्ट्रेचर. पुस्तकातल्या मापानं दांडे पावणेआठ फूट आणि मधलं कापड सहा फूट. दोन बांबू 200, कॅनव्हास 540, शिलाई 150. शिवून आणलं, चार पोरं लावली आणि एका पोराला झोपवून उचललं तर दोन्ही बांबू आत आले आणि ते पोरगं पुरणपोळी दुमडावी तसं मधे दुमडलं. सगळे हसले, मी पण हसलो. पण मांडी मोडलेला माणूस त्यात असता तर काय झालं असतं.

चूक अशी की दोन्ही टोकांना दांडे लांब धरणारी आडवी पट्टी लागते. खऱ्या स्ट्रेचरला ती लोखंडी, बिजागरीवर घडी होणारी असते. सुतारकाकांनी सागाच्या दोन पट्ट्या खाचा पाडून बसवून दिल्या, 180 रुपये. घडी होत नाही, पण माणूस सरळ राहतो. नंतर शाळेच्या ग्राउंडवर पोरांनी एक फेरी मारली, दोनशे मीटरच्या आत तिघांनी हात बदलले. खऱ्या वाहकांच्या खांद्याला पट्टे असायचे म्हणे, ते आम्ही केले नाहीत, पैसे संपायला लागले.

16 आणि 23 मार्च

दोन रविवार एकाच वस्तूत गेले म्हणून नोंद एकत्र. थॉमस स्प्लिंट. मांडीचं हाड मोडलं की पाय ताणून धरायचा सांगाडा, लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसनं काढलेला, महायुद्धात त्याच्या भाच्यानं, रॉबर्ट जोन्सनं, पुढं आणला. फ्रान्सच्या आघाडीवर सुरुवातीला मांडीचं हाड गोळीनं फुटलेले शंभरात ऐंशी मरायचे असं सांगतात, 1917 पर्यंत हा स्प्लिंट जागेवरच लावायला लागल्यावर ते वीसच्याही खाली आलं. एवढी साधी वस्तू, दोन सळया आणि एक कडं. म्हणलं प्रदर्शनाच्या मधोमध हीच ठेवायची.

फॅब्रिकेशनवाल्याला फोटो दाखवला, त्यानं 8 एमएमच्या सळईत करून दिलं, 450. घरी आणून भाच्याच्या पायात घातलं तर कडं मांडीत शिरेना, आणि शिरल्यावर जांघेत रुतायला लागलं. त्यानं कडं पूर्ण गोल आणि सळयांना काटकोनात लावलेलं. खरं कडं लंबगोल आणि तिरकं असतं, बाहेरची सळई लांब आणि आतली आखूड, म्हणजे कडं ढुंगणाच्या हाडाला टेकतं आणि ताण तिथं येतो. दुसऱ्यांदा मी पुठ्ठ्याचा साचा कापून नेला, आधीच न्यायला पाहिजे होता. 500. कड्याला चामडं चांभारकाकांकडनं, आत कापूस भरून, 250. खालच्या टोकाला खाच ठेवली, बूट न काढता घोट्याला दोरी बांधायची, खाचेतनं घ्यायची आणि काडी घालून पीळ देत ताणायची. भाचा म्हणाला मामा खरंच पाय लांब झाल्यासारखा वाटतोय. मी जाम खूश. 1,200 रुपये आणि साधारण अकरा तास.

30 मार्च, गुढीपाडवा

आजच्या नोंदीसाठीच खरं तर हे सगळं लिहितोय.

गावातले रिटायर सुभेदार साहेब आर्मी मेडिकल कोअरला नर्सिंग असिस्टंट होते. पाडव्याला घरी बोलावून स्प्लिंट दाखवला. हातात घेऊन उलटसुलट बघितला, खाच बघितली, म्हणाले, "काम झकास केलंस. पण हे टेबल कुठलं? टेसिफॉन आणि कूतचं ना?" मी हो म्हणलं, मेसोपोटेमियात आपल्या पलटणी लढल्या ती ही ठिकाणं. "मग 1915 ला त्या पोरांना हे कुणी दिलं?"

मी गप्प. खरंच विचारच केला नव्हता. मी फ्रान्समधलं 1917 सालचं सामान उचलून 1915 च्या मेसोपोटेमियात ठेवत होतो. दोन रविवार पाण्यात.

साहेब म्हणाले, "त्यांच्याकडं काय होतं ते शोध. नसलं तर नव्हतं असं लिही."

6 एप्रिल

शोधलं. आठवडाभर रात्री वाचत होतो.

22 नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला तुर्कांशी लढाई झाली. आपल्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून 4,600 च्या आसपास. जेवढ्या जखमींची तयारी केलेली त्याच्या कितीतरी पट. जखमींना खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून दहा-एक मैल नदीपर्यंत आणलं, तिथनं बोटीनं तैग्रिसमधनं खाली बसऱ्याला. मेजिदिये नावाच्या बोटीवर आणि तिला बांधलेल्या पडावांवर, म्हणजे मोठ्या सपाट नावांवर, 600 च्या घरात जखमी होते, पोचायला तेरा दिवस लागले. बसऱ्याला इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर होते, त्यांनी नंतर चौकशीत सांगितलं की बोट लांबनं दिसली तेव्हा कडेनं दोरखंड लोंबतायत असं वाटलं, जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. हगवण लागलेली माणसं दाटीवाटीनं डेकवर पडलेली, उठता येत नव्हतं, जागच्या जागी सगळं. जखमांत किडे. आणि मोडलेल्या पायांना काय बांधलेलं, तर व्हिस्कीच्या खोक्याच्या लाकडी पट्ट्या आणि भुशाच्या गठ्ठ्यांची तार.

वरच्यांनी मात्र तार केली की जखमींची व्यवस्था उत्तम झाली. कार्टर ओरडले तर त्यांनाच अटकेची धमकी. पुढं मेसोपोटेमिया कमिशन बसलं, 1917 ला रिपोर्ट आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

तर आज सकाळी फळवाल्याकडनं आंब्याची रिकामी पेटी आणली, फुकट. (निम्म्या पेट्या आता पुठ्ठ्याच्या येतात, लाकडीच मागून घ्या.) पट्ट्या उचकटल्या, खिळे पक्कडीनं काढले, एक राहिला तो नंतर मलाच लागला. घराचं बांधकाम चाललेलं तिथनं बाइंडिंग वायर. पाच पट्ट्या मांडीभोवती, तारेचे चार वेढे. वीस मिनिटांत काम झालं, खर्च शून्य. मधल्या टेबलावर हेच. थॉमस स्प्लिंट बाजूच्या टेबलावर, वर लिहिलं, "हे नंतर आलं".

10 एप्रिल, गुरुवार

खास रजा टाकली. टेसिफॉननंतर डिव्हिजन मागं हटून कूत-अल-अमाराला आली आणि 7 डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा घातला तो 29 एप्रिल 1916 पर्यंत. 10 एप्रिलला डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंडनं हुकूम काढला की आता प्रत्येकाला दिवसाला पाच औंस पीठ. म्हणजे 142 ग्रॅम. एरवी हिंदी शिपायाचा आटा दिवसाला दीड पौंड, म्हणजे 680 ग्रॅम.

किचनचा काटा 350 ला घेतला, तो आता बायकोनं ठेवून घेतलाय. कूतमध्ये शेवटी जवाचं पीठ होतं म्हणून दोन किलो जवाचं पीठ आणलं, 180. बायकोनं 142 ग्रॅम मळलं. पहिली भाकरी थापताना चारी बाजूंनी चिरली, तव्यावर टाकताना दोन तुकडे. मग आईनं आधणाच्या पाण्यात उकड काढून मळली तेव्हा कुठं जमली. लहानशा दोन भाकऱ्या झाल्या. आई म्हणाली, "एवढ्यात तुझे आजोबा न्याहारी पण करत नव्हते." ठरवलेलं की दिवसभर तेवढंच खायचं. दुपारी चार वाजता मी फ्रिज उघडला, लपवत नाही. मी दिवसभर सावलीत बसलेलो, ते चिखलाच्या खंदकात चार महिने काढून झालेले.

घोड्याचं मांस होतं, पण आपल्या बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत टाळलं, हिंदुस्थानातनं धर्मगुरूंच्या परवानगीचे निरोप आले तरी. घरी कळलं तर जातीबाहेर टाकतील ही भीती. ह्याच्यात एक चमत्कारिक गोष्ट झाली. गोरे शिपाई मांस खायचे पण पांढऱ्या पिठाचा ब्रेड, त्यांना बेरीबेरी झाली, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व कमी पडल्याचा आजार. आपले आटा खायचे पण ना मांस ना भाजी, त्यांना स्कर्व्ही, सी जीवनसत्त्व कमी पडल्याचा. हिरड्या सुजून रक्त, आणि जुन्या भरलेल्या जखमा परत उघडायच्या. एकाच गावात कोंडलेली माणसं, दोन आजार, ताटावरनं ठरलेले. शेवटी शेवटी विमानातनं पोती टाकली, पिठाच्या जात्याची तळी पण टाकली, काही पोती नदीत नाहीतर तुर्कांच्या हद्दीत पडली.

13 एप्रिल

गाडीची चाचणी. लोखंडी धावेची बैलगाडी आता मिळतच नाही, सगळ्यांनी टायर लावलेत. शेजारच्या वाडीत एका आण्णांकडं एक उभी होती, आख्याला वंगण घालून चालू केली. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "तुला हाड मोडून घ्यायची हौस आहे तर घे." साट्यावर घोंगडी, त्यावर मी, उजव्या मांडीला आंब्याच्या पट्ट्या. ओढ्यापासून शाळेपर्यंत एक किलोमीटर कच्चा रस्ता, सतरा मिनिटं.

पहिल्या दगडालाच डोकं फळीवर आपटलं. अर्ध्या वाटेत पट्ट्या खाली सरकल्या आणि तार पोटरीत घुसायला लागली. मी कण्हलो तर पोरांना वाटलं नाटक करतोय. माझं हाड धड होतं, दिवस होता, रस्ता माहितीचा होता. त्या दहा मैलांना ह्या चालीनं साडेचार तास, आणि ते सुद्धा कुठं न थांबता.

सुधारणा: पट्ट्यांच्या आत कापड गुंडाळा, तार वर आणि खाली दोन्हीकडं अडकवा. ह्या फेरीचा व्हिडिओ काढायचा राहिला, मोबाइल ज्याच्याकडं दिला तो बैलांचाच काढत बसला.

20 एप्रिल

फील्ड ड्रेसिंग दहा नग. प्रत्येक शिपायाच्या कोटात आतल्या बाजूला एक पाकीट असायचं, त्यात पट्टीला टाचलेल्या गॉजच्या दोन घड्या आणि सेफ्टी पिन. बचत गटाच्या बायकांनी मांजरपाटाच्या पट्ट्या फाडून, मेणकापडात बांधून केली, 310. एकीनं विचारलं, एवढ्याशा पट्टीनं काय होतंय? जखम झाकते, बास, पुढचं पुढच्या मुक्कामाला. आणि मुक्कामालाच काही नसेल तर तीच पट्टी तेरा दिवस.

फ्लेक्स आला, 900, आणि चुकीचा निघाला. मी तिन्ही पलटणींना लाइट इन्फंट्री लिहिलेलं. सुभेदार साहेबांनी लगेच पकडलं, 103 आणि 110 लाइट इन्फंट्री, 117 तेव्हा नुसती मराठाज. परत 900. प्रूफ आधी जाणकाराला दाखवा, फुकटात होतं.

मेजिदियेचा मजकूर फ्लेक्सवर घ्यायचा का ह्यावरून गुरुजींशी वाद झाला. ते म्हणाले लहान पोरं येणार, विष्ठा वगैरे कशाला. मी म्हणलं "गैरसोय झाली" असं लिहिलं तर आपण पण त्या तार करणाऱ्यांतलेच. शेवटी तसंच ठेवलं, फक्त फ्लेक्सच्या वरच्या भागात, मोठ्यांच्या उंचीला.

1 मे

सकाळी झेंडावंदन झाल्यावर नऊला उघडलं. आमच्याकडं बंदूक एकपण नाही म्हणून सुरुवातीला पोरं नाराज. नंतर स्ट्रेचरला रांग लागली, दुपारी एक शिवण उसवली.

सगळ्यात जास्त माणसं पिठाच्या वाट्यांपाशी थांबली. 680 ग्रॅमची परात आणि शेजारी 142 ग्रॅमची वाटी, एवढंच. म्हाताऱ्या बायका बोट घालून बघत होत्या. एक आजी नातवाला सांगत होत्या, ह्यात तुझं एकट्याचं पण भागायचं नाही. मुंबईहून आलेल्या एका काकांनी विचारलं, शरण गेल्यावर तरी खायला मिळालं का? मिळालं, तुर्कांची कडक बिस्किटं, आणि उपाशी आतड्यांवर तीच खाऊन कूतजवळच्या शुमरानच्या छावणीत कित्येक मेले. बाकीच्यांना चालवत बगदाद, मोसूल आणि पुढं रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर. गोऱ्या शिपायांतले 1,750 च्या आसपास कैदेत मेले. आपल्यातले किती, ह्याचा नक्की आकडाच नाही. हे फ्लेक्सवर घालायचं राहून गेलं, तोंडीच सांगत होतो, संध्याकाळपर्यंत घसा बसला.

चार नावांच्या पाटीखाली दोन मोकळ्या ओळी ठेवल्या होत्या. एका घरचे म्हणाले आमचा पणजा त्यात असणार, लिहा. कागद काहीच नाही, नुसतं घरात सांगत आलेलं. नाही लिहिलं. ते रागावून गेले. आमच्या आजीच्या चुलत्याचं पण नाव त्या चारात नाही, मग त्यांचं कसं लिहू.

4 मे

हिशोब. दगड 640, स्ट्रेचर 1,070, थॉमस स्प्लिंट 1,200, ड्रेसिंग 310, पीठ 180, काटा 350, फ्लेक्स 1,800. एकूण 5,550. वाचनालयाचे 3,000, बाकी माझे. त्यातले 1,350 सरळ चुकीचे, पहिला स्प्लिंट आणि पहिला फ्लेक्स. तास मोजले नाहीत, साठच्या पुढं नक्की.

सामान वाचनालयाच्या माळ्यावर आहे, कुणाला आपल्या गावात लावायचं असेल तर न्या, स्ट्रेचरची शिवण तेवढी घालून घ्या. आंब्याच्या पट्ट्या दिल्या नाहीत तरी चालतील, त्या कुठंपण मिळतात. आणि पिठाच्या वाटीवर काच ठेवा, आमच्या वाटीला दुपारी तीनलाच मुंग्या लागल्या.

रागावून गेलेल्या त्या घरी काल जाऊन आलो. त्यांच्याकडं ट्रंकेत मोडीतले दोन कागद निघाले. साताऱ्यात मोडी वाचणारे एक आहेत, त्यांच्याकडं पुढच्या रविवारी नेतोय.